‘तटस्थता’ आणि ‘फुकट’ : आंतरजाल-नियमनाच्या वादातील शब्दार्थ

टिम वू यांच्या २००३ मधील निबंधामुळे ‘नेटवर्क न्यूट्रॅलिटी’ ही संज्ञा रूढ झाली. संदेश वाहून नेणाऱ्याने संदेशांत डावे-उजवे करू नये, हे तिच्यामागील तत्त्व मात्र बरेच जुने आहे. अमेरिकेच्या १८६० च्या पॅसिफिक टेलिग्राफ कायद्याने, तारा ज्या क्रमाने येतील त्याच क्रमाने निःपक्षपातीपणे पाठविण्याचे बंधन घातले होते. सरकारी तारांना तेवढा अग्रक्रम होता. हा अपवाद ध्यानात ठेवण्याजोगा आहे.

मराठीत या संज्ञेसाठी ‘तटस्थता’ हा शब्द योजला जातो. व्युत्पत्तीच्या दृष्टीने तो अडचणीचा ठरतो. तटस्थ म्हणजे काठावर उभा असलेला. दूरसंचार कंपनी मात्र नावाड्याप्रमाणे प्रवाहातच असते आणि उतारूंकडून भाडेही घेते. तिच्याकडून अपेक्षा आहे ती अलिप्ततेची नव्हे, समभावाची. ‘समवाहकता’ हा शब्द अधिक नेमका ठरला असता, असे प्रस्तुत लेखकास वाटते. पण रूढीपुढे इलाज नाही.

भारतात या वादाला तोंड फुटले ते भारतीय दूरसंचार नियामक प्राधिकरणाने (ट्राय) २७ मार्च २०१५ रोजी प्रसिद्ध केलेल्या सल्लामसलतपत्राने. त्यात प्रश्न २० होते. उत्तरादाखल दहा लाखांहून अधिक ईमेल गेले. त्याच वर्षी फेसबुकने आपल्या ‘इंटरनेट डॉट ऑर्ग’ सेवेचे नाव ‘फ्री बेसिक्स’ असे केले. भाषेच्या अभ्यासकाने येथे थोडे थांबावे. इंग्रजी ‘फ्री’मध्ये ‘फुकट’ आणि ‘मुक्त’ हे दोन अर्थ एकत्र नांदतात. मराठीला त्यांतील एकच निवडावा लागतो. निवडक संकेतस्थळांपुरती ही सेवा फुकट होती, मुक्त नव्हती. वाद मुख्यतः इंग्रजीत झडल्याने हा भेद उघड व्हायला बरेच युक्तिवाद खर्ची पडले. अर्थात, ज्याच्याजवळ काहीच नाही त्याला थोडे तरी मिळावे, हे समर्थकांचे म्हणणे क्षुल्लक नव्हते. इंटरनेट सहज उपलब्ध असलेल्या आम्हा प्राध्यापकांनी ते जरा घाईनेच निकालात काढले.

ट्रायने ८ फेब्रुवारी २०१६ रोजी आशयानुसार वेगवेगळे दर आकारण्यास मनाई केली. उल्लंघनाला दिवसाला ५०,००० रुपये, कमाल ५० लाख, असा दंड ठेवला. या विनियमांच्या शीर्षकातील ‘डिस्क्रिमिनेटरी’ या विशेषणाचे ‘भेदभावकारक’ असे भाषांतर करताच एक दरपत्रकी शब्द सामाजिक होतो. ‘भेदभाव’ म्हटले की मराठी वाचकाला १९२७ चे महाडचे चवदार तळे आठवते. ही तुलना ताणू नये. तरीही सार्वजनिक पाणवठ्याची प्रतिमा इंग्रजीतील ‘महामार्गा’च्या रूपकापेक्षा या प्रश्नाच्या अधिक जवळची आहे.

ट्रायच्या नोव्हेंबर २०१७ मधील शिफारशी शासनाने जुलै २०१८ मध्ये स्वीकारल्या. परंतु त्याच २०१७ च्या ऑगस्टमध्ये, १८८५ च्या भारतीय तार कायद्याखाली, दूरसंचार सेवा तात्पुरती बंद करण्याचे नियम निघाले होते. १८६० मधला सरकारी अपवाद असा अग्रक्रमावरून सेवाबंदीपर्यंत आला. अनिश्चित काळाची बंदी ग्राह्य नाही आणि बंदीचे आदेश प्रसिद्ध केले पाहिजेत, असे सर्वोच्च न्यायालयाने १० जानेवारी २०२० रोजी अनुराधा भसीन खटल्यात म्हटले. २०२३ च्या दूरसंचार कायद्याने बंदीचा अधिकार कायम ठेवला. त्याखालचे नवे नियम नोव्हेंबर २०२४ मध्ये निघाले.