पंधरा सेंटची बस

अमेरिकेत कमी खर्चात फिरायचं म्हटलं की ग्रेहाउंड आठवतेच. तिचा जन्म मात्र न खपलेल्या मालातून झालाय! १९१४ साली मिनेसोटातल्या हिबिंगमध्ये कार्ल विकमनला हपमोबिल गाड्यांना गिऱ्हाईक मिळेना. मग त्याने त्यातच खाणकामगारांची ने-आण सुरू केली. भाडं १५ सेंट.

पण तिकीट सारखं असलं तरी सीट सारखी नव्हती. दक्षिणेत कृष्णवर्णीयांनी मागे बसायचं, वेटिंग रूमही वेगळी. १९४६ आणि १९६० मध्ये सुप्रीम कोर्टाने राज्याबाहेर जाणाऱ्या प्रवाशांच्या बाजूने निकाल दिले, पण दक्षिणेत ते कागदावरच राहिले. म्हणून ४ मे १९६१ला काळे-गोरे मिळून १३ जण साधी तिकिटं काढून वॉशिंग्टनहून निघाले. हेच ते 'फ्रीडम रायडर्स'. १४ मेला अलाबामात अ‍ॅनिस्टनजवळ जमावाने त्यांची ग्रेहाउंड पेटवली. जीव वाचले. त्यानंतर शेकडो जण तशाच बसमध्ये चढले नि तुरुंगात गेले. शेवटी १ नोव्हेंबर १९६१ पासून बस आणि स्टँडवरच्या भेदभावावर केंद्राची बंदी लागू झाली.

तिकीट बुक करताना आपण फक्त भाडं बघतो. मला विचाराल तर त्या सीटची खरी किंमत आधीच कुणीतरी चुकती केलीय.