गोठू न देण्याची गोष्ट

बारामतीला शिक्षकांसाठी घेतलेल्या एका विज्ञान शिबिरात पाण्याच्या असंगत आचरणाचा विषय चालू होता. थंड प्रदेशात हिवाळ्यात पाण्याचे नळ फुटतात, हे पाठ्यपुस्तकातले नेहमीचे उदाहरण आम्ही दिले. त्यावर इंदापूर तालुक्यातून आलेल्या एक शिक्षिका म्हणाल्या, "सर, आमच्याकडे नळाला पाणी येत नाही म्हणून भांडणं होतात. पाणी गोठून नळ फुटला असं आमच्या मुलांनी कधी ऐकलेलंही नाही. हे उदाहरण त्यांना आपलं कसं वाटणार?"

प्रश्न रास्त होता. बारामती-इंदापूरचा हा पट्टा पर्जन्यछायेतला. कडाक्याच्या थंडीत पारा दहा अंशांच्या खाली येतो, पण शून्य तिथून बरेच दूर असते. इथल्या पाण्याचा इतिहास गोठण्याचा नसून टंचाईचा आहे. १८७६-७७ च्या दुष्काळानंतर भाटघरचे धरण आणि नीरा डावा कालवा झाला, आणि १८८५ पासून त्या कालव्याने बारामतीच्या शिवाराचे रूप पालटले. पुढे १९८० मध्ये भीमेवरचे उजनी धरण पुरे झाले आणि इंदापूरची गावे जलाशयाच्या काठावर आली. काही तर त्याच्या पोटात गेली.

त्या दिवशी आम्ही फळ्यावर आकृती काढून वेळ मारून नेली. रात्री मात्र एक गोष्ट सुचली. उजनीच्या फुगवट्यामुळे भिगवणला मासळीचा मोठा बाजार उभा राहिला आहे. जिथे मासळी तिथे बर्फ हवाच. दुसऱ्या दिवशी शिबिरातल्या सगळ्यांना घेऊन आम्ही बर्फाच्या एका कारखान्यात गेलो.

न गोठणारे पाणी

बर्फाच्या लाद्या तयार होतात त्या जागी पाहण्यासारखे फारसे काही नसते. लाकडी फळ्यांनी झाकलेले एक मोठे टाके असते. फळ्या उचलल्या की खाली पत्र्याचे उंच डबे ओळीने बुडवून ठेवलेले दिसतात. डब्यांत साधे पाणी, आणि डब्यांभोवती टाक्यात मिठाचे पाणी. अमोनियाच्या नळ्या हे मिठाचे पाणी शून्याखाली आठ-दहा अंशांपर्यंत थंड करतात. डब्यातले पाणी गोठते आणि बाहेरचे, त्याहून थंड असलेले खारे पाणी वाहतच राहते. न गोठणाऱ्या पाण्याशिवाय बर्फ करता येत नाही, ही गंमत शिक्षकांच्या लगेच ध्यानात आली. कुल्फीवाला बर्फात मीठ टाकतो ते याच कारणाने.

मग डब्यातून सुटलेली एक लादी आम्ही नीट पाहिली. कडेचा बर्फ काचेसारखा स्वच्छ होता आणि मध्यभागी दुधाळ पट्टा होता. पाणी कडेकडून आत गोठत जाते, तेव्हा त्यात विरघळलेली हवा मध्याकडे ढकलली जाते आणि शेवटी तिथेच बुडबुड्यांच्या रूपात अडकते. लादीच्या माथ्यावर उंचवटा होता. गोठताना पाण्याचे आकारमान सुमारे ९ टक्क्यांनी वाढते आणि डब्याचे तोंड उघडे असल्याने वाढलेला बर्फ वर सरकतो. "आणि तोंड बंद असतं तर?" आम्ही विचारले. कालच्या शिक्षिकांनीच उत्तर दिले, "तर डबा फुटला असता." पाठ्यपुस्तकातला नळ भिगवणला सापडला होता.

तोफगोळ्यातले पाणी

हे ज्ञान माणसाला एका दिवसात झालेले नाही. वस्तू थंड झाली की आकुंचन पावते असा सर्वत्र अनुभव. मग बर्फ पाण्यापेक्षा जड असायला हवा. तो तरंगतो कसा? तरंगणाऱ्या वस्तूंविषयीच्या १६१२ च्या ग्रंथात गॅलिलिओने सरळ निष्कर्ष काढला : बर्फ म्हणजे घट्ट झालेले पाणी नव्हे, ते विरळ झालेले पाणी आहे. त्याच्या पाठोपाठच्या पिढीने फ्लॉरेन्समध्ये १६५७ साली 'आकादेमिया देल चिमेंतो' ही प्रयोग करणाऱ्यांची मंडळी स्थापन केली. या मंडळींनी धातूची भांडी पाण्याने गच्च भरून, तोंड बंद करून ती गोठवली. भांडी फुटली. १६६७ मध्ये हायगेन्सने जाड लोखंडी नळी अशीच फोडून दाखवली.

सर्वांत नाट्यमय प्रयोग कॅनडातील क्वेबेक येथे १७८४-८५ च्या हिवाळ्यात झाला. तोफखान्यातील अधिकारी एडवर्ड विल्यम्स याने तोफेचे पोकळ लोखंडी गोळे पाण्याने भरले, त्यांच्या छिद्रांत बूच ठोकून बसवले आणि ते उघड्यावर ठेवले. काही गोळ्यांची बुचे शेकडो फूट उडाली आणि छिद्रातून बर्फाची कांडी बाहेर आली. जिथे बूच हलले नाही तिथे गोळाच तडकला. दारूगोळा भरण्याच्या जागी नुसते पाणी भरले होते, हे लक्षात घ्या.

एवढे बळ येते कुठून? याचे नेमके उत्तर १८४९ मध्ये जेम्स थॉमसन याने गणिताने दिले आणि पुढच्याच वर्षी त्याचा भाऊ विल्यम, म्हणजे पुढे लॉर्ड केल्व्हिन म्हणून प्रसिद्ध झालेला शास्त्रज्ञ, याने ते प्रयोगाने पडताळले. दाब वाढला की पाण्याचा गोठणबिंदू खाली जातो, पण अगदी थोडा : एका वातावरण दाबाला अंशाचा सुमारे १३५ वा भाग. आता उलट विचार करू. उणे ५ अंश तापमानाला बंद नळीतले पाणी द्रवरूपात राहायचे असेल, तर तिथला दाब सुमारे ६०० वातावरण इतका चढावा लागेल. घरगुती नळ इतका दाब सोसू शकत नाही. तो त्याच्या कितीतरी आधी फुटतो.

इथे एक गैरसमज दूर करायला हवा. नळ बहुधा बर्फाने कडेला रेटल्यामुळे फुटत नाही. आधी थंड जागी बर्फाचा बोळा बसतो. तो वाढत जातो तसे बोळा आणि बंद तोटी यांच्यामधले पाणी कोंडले जाते. पाणी सहजासहजी दाबले जात नाही, त्यामुळे त्याचा दाब वाढत जातो आणि जिथे नळ कमकुवत, तिथे तो फुटतो. ती जागा बर्फापासून दूरही असू शकते. म्हणून थंड देशांत कडाक्याच्या रात्री तोटी थोडी सोडून ठेवतात. थेंब थेंब पाणी वाया जाते, पण दाब साचत नाही. नळ फुटल्याचे मात्र लगेच कळत नाही. बर्फ वितळला की घरात पाणी होते तेव्हा कळते.

चाकांवरचे घर

युरोप-अमेरिकेत मोटारीमागे जोडून न्यायची छोटी घरे असतात. त्यांत स्वयंपाकाचा ओटा, पाण्याची टाकी, पंप, न्हाणीघर असे सारे काही असते. उन्हाळ्यात कुटुंब त्यातून भटकंती करते आणि हिवाळ्यात ते घर अंगणात उभे राहते. तिकडे स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांनाही हिवाळ्यापूर्वीची ही आवराआवर परिचयाची आहे. या घराला जमिनीची ऊब नाही, आत राहणारे कोणी नाही आणि पाण्याच्या बारीक नळ्या जमिनीला लागून गेलेल्या. अशा वेळी उपाय तीनच : नळ्या उबदार ठेवणे, त्या रिकाम्या करणे, किंवा त्यांत न गोठणारा द्रव भरणे.

रिकामे करणे सर्वांत सोपे वाटते. टाकी उपसायची, तोट्या उघडायच्या आणि हवेच्या दाबाने नळ्या फुंकून काढायच्या. पण मोरीखालच्या वाकड्या नळीचे काय? तिच्यात पाणी साठून राहावे म्हणूनच तिला वाकडी केलेली असते. त्या पाण्यामुळे गटाराची दुर्गंधी घरात येत नाही. ते पाणी काढून टाकावे तर वास येणार, ठेवावे तर नळी फुटणार. तिथे न गोठणारा द्रवच लागतो. कोणता?

मिठाचे पाणी आपण पाहिलेच. १७८८ मध्ये चार्ल्स ब्लॅगडेन याने मोजून दाखवले की पाण्यात जितके मीठ अधिक, तितका गोठणबिंदू त्या प्रमाणात खाली जातो. पुढे १८८० च्या दशकात राऊल आणि व्हॅन्ट हॉफ यांनी त्यामागचा नियम उलगडला. विरळ द्रावणात किती कण विरघळले आहेत याला महत्त्व असते, ते कोणत्या पदार्थाचे आहेत याला नाही. एक किलो पाण्यात कोणत्याही पदार्थाचा एक मोल विरघळवा, गोठणबिंदू सुमारे १.८६ अंशांनी उतरतो. मिठाचे दोन आयन होतात म्हणून त्याचा परिणाम जवळजवळ दुप्पट. मीठ स्वस्तही आहे, पण ते धातू खाते. अल्कोहोल उडून जाते आणि पेट घेते. ग्लिसरीन घट्ट असते. शोध घेता घेता १९२० च्या दशकात मोटारींच्या इंजिनासाठी इथिलीन ग्लायकॉल वापरात आले. फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ वुर्त्झ याने ते १८५० च्या दशकातच तयार केले होते. ते उडून जात नाही, पाण्यात कितीही मिसळते, चवीला गोड लागते. आणि ते विषारी आहे.

तापमापीला न दिसणारा फरक

इथिलीन ग्लायकॉल पोटात गेले की यकृतात त्याचे टप्प्याटप्प्याने ऑक्झॅलिक आम्ल होते. त्याचे कॅल्शियमबरोबर स्फटिक बनतात आणि मूत्रपिंडे निकामी होतात. सुमारे १०० मिलिलिटर एवढी मात्रा मोठ्या माणसाचा जीव घेऊ शकते. त्याचेच भावंड प्रॉपिलीन ग्लायकॉल. रेणूत फक्त एक मिथिल गट जास्त. शरीरात त्याचे लॅक्टिक आम्ल होते, जे आपल्या स्नायूंतही तयार होत असते. ते शरीर सहज पचवते. म्हणून चाकांवरच्या घरांतील पिण्याच्या पाण्याच्या नळ्यांत प्रॉपिलीन ग्लायकॉलच भरतात आणि वसंतात नळ्या स्वच्छ धुऊन घेतात. दूध थंड करणाऱ्या यंत्रणेतही ग्लायकॉल वापरायचे असेल तर तेच वापरले पाहिजे, कारण दूध आणि तो द्रव यांच्यामध्ये फक्त धातूचा एक पातळ पत्रा असतो. बारामती-इंदापूर हा दुधाचा मुलूख आहे. तिथे हा मुद्दा परक्या देशातला राहत नाही.

आता मघाचा नियम पुन्हा आठवा. गोठणबिंदू कणांची संख्या पाहतो, त्यांची जात नाही. विषारी आणि निर्धोक ग्लायकॉल रंगहीन असतात, दाट असतात आणि पाण्याला सारख्याच रीतीने गोठू देत नाहीत. तापमापीला त्यांतला फरक कळत नाही. डोळ्यांना, जिभेला कळत नाही. तो कळतो रासायनिक तपासणीला, आणि तपासणी झाली नाही तर शरीराला.

हे अतिशयोक्तीने म्हटलेले नाही. १९३७ मध्ये अमेरिकेत एक नवे औषध डायइथिलीन ग्लायकॉल या तिसऱ्या भावंडात विरघळवून विकले गेले. ते विषारी आहे का, हे कोणी पाहिले नव्हते. शंभराहून अधिक माणसे दगावली, त्यांत अनेक मुले होती. पुढच्याच वर्षी तिथे औषधांचा नवा कायदा झाला. जानेवारी-फेब्रुवारी १९८६ मध्ये मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात औषध म्हणून दिलेल्या ग्लिसरॉलमध्ये हेच डायइथिलीन ग्लायकॉल होते. १४ रुग्ण मृत्युमुखी पडले. न्यायमूर्ती लेंटिन यांच्या आयोगाने त्याची चौकशी केली. तरी गोष्ट तिथे संपली नाही. २०२२ मध्ये गॅंबियात सुमारे ७० बालके दगावल्यानंतर भारतात तयार झालेल्या खोकल्याच्या औषधांत ही दोन्ही विषारी ग्लायकॉले असल्याचा इशारा जागतिक आरोग्य संघटनेला द्यावा लागला. २०२५ मध्ये मध्य प्रदेशातील छिंदवाडा भागात पुन्हा तेच घडले.

यांपैकी बहुतेक घटनांत विज्ञान अपुरे पडले नव्हते. ही ग्लायकॉले ओळखण्याच्या पद्धती उपलब्ध होत्या. पिंपावर लिहिलेले नाव खरे धरले गेले आणि पिंपात काय आहे ते पाहिले गेले नाही.

वर्गात काय करता येईल?

प्लॅस्टिकच्या दोन लहान बाटल्या घ्या. एक काठोकाठ भरून झाकण घट्ट लावा, दुसरी तीन चतुर्थांश भरा. दोन्ही रात्रभर बर्फाच्या कप्प्यात ठेवा. काचेची बाटली मुळीच वापरू नका. दुसऱ्या दिवशी पहिलीचा तळ फुगलेला किंवा ती तडकलेली दिसेल. दुसरा प्रयोग : एका स्टीलच्या पेल्यात बर्फाचा चुरा आणि मीठ मिसळा. त्यात दोन परीक्षानळ्या उभ्या करा, एकीत साधे पाणी आणि दुसरीत दोन चमचे साखर घातलेले तेवढेच पाणी. आधी कोणती गोठते ते मुलांनाच नोंदवू द्या. मग साखरेऐवजी मीठ घेऊन पाहा आणि फरक का पडला ते विचारा. ग्लायकॉल मात्र वर्गात आणू नका. त्याची गोष्ट सांगितली तरी पुरे.

बर्फाच्या कारखान्यातून परतताना त्या शिक्षिका म्हणाल्या की आता त्या हा धडा नळापासून सुरू करणार नाहीत, लादीपासून करतील. आम्हाला ते पटले. आम्ही एवढीच भर घातली : लादीच्या टाक्यातले पाणी का गोठत नाही हे मुलांनी विचारले, तर उत्तर द्यावे, आणि "त्यात काय घातलं आहे, आणि ते कोणी तपासलं?" असे विचारणारा एखादा विद्यार्थी निघाला, तर त्या दिवशी धडा पुढे सरकला नाही तरी चालेल.