खाशाबा जाधव : लाल मातीतून ऑलिंपिकपर्यंत

भोपाळ हे हॉकीचे गाव. १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकमधील सुवर्णविजेते अहमद शेर खान आणि १९७५ च्या विश्वविजयी संघातील त्यांचे चिरंजीव अस्लम शेर खान ही या शहराची अभिमानाची नावे. १९५२ साली हेलसिंकी येथेही भारतीय हॉकी संघाने सुवर्णपदक जिंकले. मात्र त्याच स्पर्धेत एका मराठी मल्लाने एकट्याच्या बळावर मिळविलेल्या कांस्यपदकाचे मोल देशाला फार उशिरा कळले.

खाशाबा दादासाहेब जाधव यांचा जन्म १५ जानेवारी १९२६ रोजी कराडजवळील गोळेश्वर येथे झाला. वडील दादासाहेब स्वतः नामांकित मल्ल. त्यामुळे कुस्तीचे बाळकडू घरातच मिळाले. कराडच्या टिळक हायस्कूलमधून ते कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयात आले. १९४८ साली कोल्हापूरच्या महाराजांच्या साहाय्याने ते लंडन ऑलिंपिकला गेले. लाल मातीत घडलेल्या या मल्लाला गादीवरील कुस्तीचा आणि आंतरराष्ट्रीय नियमांचा सराव नव्हता. तरीही फ्लायवेट गटात त्यांनी सहावा क्रमांक मिळविला.

हेलसिंकीच्या वेळी पैशाचा प्रश्न पुन्हा उभा राहिला. तेव्हा राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपले घर गहाण ठेवून ७,००० रुपये उभे केले. गावकऱ्यांनीही यथाशक्ती वर्गणी दिली. फ्रीस्टाइलच्या बँटमवेट गटात कॅनडा, मेक्सिको व जर्मनीच्या मल्लांना खाशाबांनी नमविले. पुढे जपानचे शोहाची इशी व सोव्हिएत संघाचे रशीद मामेदबेकोव्ह यांच्याकडून ते पराभूत झाले. त्या दोघांना अनुक्रमे सुवर्ण व रौप्य मिळाले. खाशाबांचे कांस्य हे स्वतंत्र भारताचे पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक ठरले.

परतल्यावर शंभराहून अधिक बैलगाड्यांची मिरवणूक काढून लोकांनी त्यांचे स्वागत केले. या लोकप्रियतेचा पहिला उपयोग खाशाबांनी कोणता केला असेल? त्यांनी कोल्हापुरात कुस्त्यांचा फड भरविला आणि त्या उत्पन्नातून प्राचार्यांचे गहाण पडलेले घर सोडविले. पदकाइतकेच तेजस्वी असे हे कृत्य होय.

१९५५ साली ते पोलीस दलात उपनिरीक्षक म्हणून रुजू झाले. गुडघ्याच्या दुखापतीमुळे १९५६ चे ऑलिंपिक हुकले. निवृत्तीनंतर, १४ ऑगस्ट १९८४ रोजी, रस्त्यावरील अपघातात त्यांचे निधन झाले. अर्जुन पुरस्कार लाभला तो मरणोत्तर, या शतकाच्या आरंभी. दुसऱ्या वैयक्तिक पदकासाठी भारताला १९९६ पर्यंत, तर कुस्तीतील दुसऱ्या पदकासाठी २००८ पर्यंत वाट पाहावी लागली.

लोकवर्गणीतून उभ्या राहिलेल्या ग्रंथालयांच्या सभासदांना या कथेचे मर्म वेगळे सांगावयास नको. शासनाचे लक्ष जाण्यापूर्वी समाजाने ज्यांना जपले, त्या संस्था आणि ती माणसेच काळावर आपली मुद्रा उमटवितात. खाशाबा त्यांपैकी एक होते.