सार्वजनिक उद्यानाचे उद्दिष्ट आणि रचना : न्यूयॉर्कचे सेंट्रल पार्क

दाट वस्तीच्या न्यूयॉर्कमध्ये सर्व थरांतील नागरिकांना मोकळी हवा मिळावी, या हेतूने १८५३ मध्ये राज्याच्या विधिमंडळाने सेंट्रल पार्कसाठी भूसंपादनास मान्यता दिली. १८५८ मध्ये फ्रेडरिक लॉ ओल्मस्टेड व कॅल्व्हर्ट वॉक्स यांचा आराखडा स्पर्धेतून निवडला गेला. उद्यान ओलांडणारे चार रस्ते त्यांनी जमिनीच्या पातळीखालून नेले. त्यामुळे शहराची वाहतूक दृष्टिआड होऊन हिरवळ अखंड राहिली. पादचारी, घोडेस्वार व घोडागाड्या यांचे मार्गही स्वतंत्र ठेवण्यात आले.

तथापि, याच भूमीवर १८२५ पासून सेनेका व्हिलेज ही प्रामुख्याने आफ्रिकी-अमेरिकन लोकांची वस्ती होती. तेथे घरे, चर्च व शाळा होत्या. कृष्णवर्णीय पुरुषास मताधिकारासाठी २५० डॉलर किमतीची स्थावर मालमत्ता आवश्यक असे. त्यामुळे तेथील जमीन हा राजकीय हक्काचाही आधार होता. जमीनमालकांना भरपाई देऊन १८५७ मध्ये ही वस्ती हटविण्यात आली. सर्वांसाठी खुल्या झालेल्या या उद्यानाची किंमत मात्र सर्वांनी सारखी मोजली नव्हती. म्हणूनच सार्वजनिक उद्यानाचे मूल्यमापन करताना त्याच्या रचनेबरोबरच त्याच्या भूमीचा इतिहासही विचारात घेणे अगत्याचे ठरते.