उरले ९६ तास

सोनारीतली ही आजी कल्पित आहे. तिच्या शरीरात जाणारी मिनिटे मात्र प्रयोगशाळांनी मोजलेली आहेत. म्हणून हा घटनाक्रम ताप चढला तिथून न लावता त्याच्या दिवसभर आधीपासून लावतो आहे.

उरले ९६ तास. श्रावण. पक्षाघातानंतर आजीला लघवीची नळी बसवली आहे. मागच्या आठवड्यात सर्दी झाली तेव्हा मेडिकलवरून सेफिक्झिम या प्रतिजैविकाच्या गोळ्या आणल्या. सर्दी विषाणूंची, या गोळीने तिचे काहीच बिघडत नाही. मेले ते आतड्यातले निरुपद्रवी जिवाणू. मोकळ्या जागेत क्लेबसिएला जातीचे जिवाणू फोफावले आणि त्यातले काही नळीपर्यंत पोचले. त्यांच्याजवळ मुख्य गुणसूत्राखेरीज डीएनएचे एक छोटे कडे असते, प्लाझ्मिड. यांच्या कड्यावर औषधे निकामी करणारे एनडीएम-१ हे जनुक आहे. असे जिवाणू पाण्यातूनही पोटात जाऊ शकतात. दिल्लीतल्या पाण्याचा अभ्यास २०११ साली प्रसिद्ध झाला, त्यात साचलेल्या पाण्याच्या १७१ नमुन्यांपैकी ५१ मध्ये आणि नळाच्या ५० पैकी २ मध्ये हे जनुक सापडले. त्याच अभ्यासात प्लाझ्मिडची देवाणघेवाण ३० अंशांना सर्वाधिक झाली, २५ किंवा ३७ अंशांना कमी. आपल्याकडच्या पावसाळी नाल्यांना हे तापमान परके नाही.

उरले ९४ तास. नळीच्या आतल्या बुळबुळीत थरात क्लेबसिएलाला खेटून ई. कोलाय आहे. मूत्राशयाच्या भिंतीला चिकटण्यात तो पटाईत, पण अजून औषधाने मरणारा. क्लेबसिएलाच्या अंगातून एक पोकळ धागा बाहेर येतो, पिलस. या धाग्यांपैकी सर्वांत जास्त अभ्यास झाला आहे तो एफ प्लाझ्मिडच्या धाग्याचा: जाडी मिलिमीटरच्या सुमारे एक लाखाव्या भागाएवढी, लांबी मात्र जिवाणूच्या दहापटीपर्यंत. तो लांब होतो, आखडतो, पुन्हा लांब होतो. टोक शेजाऱ्याला लागले की आखडत त्याला जवळ ओढून घेतो. मग देणाऱ्याच्या कड्यातल्या दोन साखळ्यांपैकी एक ठरलेल्या जागी कापली जाते, आणि कापणारे प्रथिन त्या टोकाला चिकटूनच पलीकडे जाते. दुसरी साखळी घरीच राहते. दोघेही आपापल्या साखळीची जोडी नव्याने विणतात, त्यामुळे देणाऱ्याचे काहीच कमी होत नाही. मला यातली हीच गोष्ट सर्वांत भयंकर वाटते.

याला वेळ किती लागतो? १९५० च्या दशकात पॅरिसच्या पाश्चर संस्थेत फ्रान्स्वा जाकोब आणि एली वोलमन यांनी जोडलेले ई. कोलाय ठरावीक मिनिटांनी मिक्सरमध्ये फिरवून वेगळे केले. एखादे जनुक नवव्या मिनिटाच्या सुमारास पलीकडे पोचलेले दिसे, दुसरे अठराव्या. अख्ख्या गुणसूत्राला सुमारे १०० मिनिटे लागतात. त्याच वेगाने एक लाख अक्षरांच्या प्लाझ्मिडला दोन-सव्वादोन मिनिटे पुरतात.

उरले ९३ तास ५७ मिनिटे. झाले. माझ्या मते अनर्थ इथेच घडून गेला, पुढे तो फक्त उघडकीला येतो. घरात याची कुणाला चाहूलही नाही. आणि आता ई. कोलायही स्वतःचा धागा काढू शकतो.

उरले ७० तास. आजीला थंडी वाजून येते. पॅरासिटामॉल दिली जाते. ई. कोलाय अनुकूल स्थितीत २० मिनिटांत दुप्पट होतो. इथे पाऊण तास धरला, तरी एकाचे ४०० कोटी व्हायला एक दिवस पुरतो.

उरले ५४ तास. ती बरळू लागते. गाडी सोनारीहून परंड्यामार्गे बार्शीच्या रुग्णालयात.

उरले ४८ तास. रक्त आणि लघवी तपासणीला जातात. अहवालासाठी थांबणे परवडणारे नसते, म्हणून डॉक्टर मेरोपेनेम सुरू करतात. निर्णय योग्यच आहे. पण एनडीएम-१ जे विकर बनवते, ते जस्ताच्या अणूंच्या मदतीने या औषधाच्या रेणूतले चौकोनी कडे फोडते. सलाइनमधून औषध जात राहते, रक्तदाब उतरत राहतो.

उरले १८ तास. काचेच्या बशीवर जिवाणू वाढलेले दिसतात. औषधांच्या चकत्या ठेवल्या जातात.

शून्य. मेरोपेनेमच्या चकतीभोवती मोकळे वर्तुळ नाही. इतर बहुतेक चकत्यांभोवतीही नाही, कारण असे प्लाझ्मिड एकाच वेळी अनेक औषधांविरुद्धची जनुके वाहून नेतात. महाराष्ट्राला हे दृश्य नवे नाही: ऑगस्ट ते नोव्हेंबर २००९ मधले, कार्बापेनेम गटाला (मेरोपेनेम याच गटातले) न जुमानणारे २४ जिवाणू मुंबईच्या हिंदुजा रुग्णालयात तपासले गेले, २२ मध्ये एनडीएम-१ निघाले.

उरते कोलिस्टिन. त्याची खात्रीची चाचणी चकतीने होत नाही, पातळ माध्यमात वेगळी करावी लागते; म्हणजे आणखी एक रात्र. त्याच्याविरुद्धचे एमसीआर-१ हे जनुकही २०१५ मध्ये चीनमध्ये प्लाझ्मिडवरच सापडले आहे. डॉक्टर निकालाची वाट न पाहता कोलिस्टिन सुरू करतात. ते मूत्रपिंडांना इजा करते, आणि आजीची मूत्रपिंडे कालपासूनच मंदावली आहेत.