पवईचे पुस्तक-सोबती

युनेस्कोमार्फत आलेल्या सोव्हिएत साहाय्याने 1958 साली सुरू झालेल्या आणि पुढे पवई तलावाकाठी वसलेल्या मुंबईच्या आयआयटीतील अध्यापनाचा लाभ प्रवेशपरीक्षेच्या चाळणीतून उतरलेल्या मोजक्यांनाच मिळे, हे स्वाभाविक होते. पुढे 2009 मध्ये केंद्रीय मनुष्यबळ विकास मंत्रालयाने माहिती व संप्रेषण तंत्रज्ञानाद्वारे शिक्षणाचे राष्ट्रीय अभियान आखले आणि त्याच्या निधीतून पवईत ‘फॉसी’ हा प्रकल्प आकारास आला, तेव्हा बाहेरच्या महाविद्यालयांतील विद्यार्थीही ज्ञानाचे ग्राहक न राहता त्याचे निर्माते होऊ लागले.

या प्रकल्पाचा भर मुक्त सॉफ्टवेअरवर, म्हणजे ज्याची मूळ आज्ञावली कोणालाही पाहता, बदलता आणि वाटता येते अशा सॉफ्टवेअरवर होता. फ्रान्समध्ये घडलेले सायलॅब हे गणनासाधन फुकट मिळत असले, तरी ते शिकवणारे साहित्य अपुरे होते. त्यावर निघालेला तोडगा असा, की विद्यार्थ्याने एखादे प्रमाण पाठ्यपुस्तक निवडून त्यातील सोडवलेल्या उदाहरणांसाठी सायलॅबमध्ये आज्ञावली लिहावी आणि तपासणीनंतर ती सर्वांसाठी खुली व्हावी. या ‘टेक्स्टबुक कंपॅनियन’मध्ये, म्हणजे पुस्तक-सोबतीमध्ये, पुस्तकातील मजकूर नसे, त्यामुळे वाचकाला मूळ पुस्तक जवळ ठेवावेच लागे आणि स्वामित्वहक्कालाही बाध येत नसे.

विद्यार्थ्याने हे कष्ट का घ्यावेत? मानधन होते, प्रमाणपत्रही होते, पण सोबतीवर कर्त्याचे नाव छापले जाई, ही गोष्ट अधिक मोलाची मानावी लागते. मुक्त सॉफ्टवेअर लिहिणाऱ्याला त्यातून नावलौकिक आणि पुढील नोकरीची संधी मिळते, असे अर्थशास्त्रज्ञ जॉश लर्नर आणि ज्याँ तिरोल यांनी 2002 मध्ये मांडले होते. तरीही त्यांचे विवेचन येथे पुरेसे पडत नाही, कारण उदाहरणामागून उदाहरण संगणकाकडून सोडवून घेताना विषयाचाच कसून अभ्यास होतो आणि इतरांसाठी केलेले काम प्रथम कर्त्याच्याच पदरी पडते. (परीक्षेपुरत्या नोट्सच्या झेरॉक्सला ही किमया साधत नाही.)

प्राध्यापक कन्नन मौदगल्य यांच्या पुढाकाराने पवईतच वाढलेल्या ‘स्पोकन ट्युटोरियल’मध्ये सहभागाची कल्पना आणखी रुंदावली. सुमारे दहा मिनिटांच्या या दृक्‌श्राव्य पाठांत पडद्यावरील कृती तीच ठेवून निवेदन मराठीसह अनेक भारतीय भाषांत दिले जाते, आणि ध्वनिमुद्रणापूर्वी पाठाची संहिता मुद्दाम त्या विषयात नवख्या असलेल्या व्यक्तीकडे सोपवली जाते, कारण ती कुठे अडखळते हे जाणकाराच्या सहसा ध्यानात येत नाही.