समुद्री कागदात वळलेला भात

१८४१ ते १८४३ या काळात जपानच्या शोगुन सरकारने काटकसरीचा बडगा उगारला. रेशमी कपडे, महागडी खेळणी, नाटकं, सगळ्यावर बंधनं आली. त्या लाटेत एदो शहरातले, म्हणजे आजच्या तोक्योतले, सुशीवालेही सापडले. कितागावा मोरिसादा या गृहस्थाने तेव्हाच्या शहरी जीवनाच्या बारीकसारीक नोंदी करून ठेवल्या आहेत. चढ्या भावाने सुशी विकणाऱ्या दोनशेहून अधिक जणांना हातबेड्या घातल्या गेल्या आणि त्यानंतर शहरात चार-आठ मोनचीच सुशी मिळू लागली, असं तो लिहितो. मोन हे तेव्हाचं तांब्याचं नाणं. एदोत सोबा शेवयांचा एक वाडगा सोळा मोनला मिळायचा, यावरून आठ मोन म्हणजे किती ते ध्यानात यावं.

त्याच मोरिसादाच्या नोंदींत नोरीच्या तावात वळलेली भाताची गुंडाळीही आहे. तिच्या पोटात मासा नाही. आत घालायचे ते फक्त कान्प्यो, म्हणजे भोपळ्याच्या वाळवलेल्या आणि गोडसर सोया रसात शिजवलेल्या पट्ट्या. शेजारी अंड्याची गुंडाळीही आहे: अंड्याच्या पोळीत भात, भातात नोरी आणि कान्प्यो. तिचा भाव सोळा मोन, इतर सुशीच्या दुप्पट. टूना, कोळंबी, कोहादा मासा आठ मोनला आणि अंड्याची गुंडाळी सोळाला! तेव्हा अंडं ही चैन होती, आणि टूनाला तर फारशी प्रतिष्ठाही नव्हती.

सुशीच्या गुंडाळीची, माकिझुशीची, कुळकथा इथूनच वाचायला हवी. आज मुंबई-पुण्याच्या हॉटेलात सहा तुकड्यांसाठी भलं मोठं बिल येतं. त्यामुळे हा पदार्थ मुळातच श्रीमंतांचा आणि घरी करून बघणं म्हणजे उसनी हौस, असा समज होतो. इतिहास याच्या उलट सांगतो. या गुंडाळीचा जवळपास प्रत्येक घटक टाकाऊ, स्वस्त किंवा परसातला होता.

सुशीचं मूळ घराणं मात्र माशाचंच. आग्नेय आशियातल्या भातशेतीच्या मुलखात मासा टिकवायला मीठ आणि शिजवलेला भात वापरत. भात आंबायचा, आम्ल तयार व्हायचं, मासा महिनोन् महिने टिकायचा. खाताना भात टाकून द्यायचे. ही रीत जपानला पोचली. ७१८ सालच्या योरो कायद्यात करापोटी द्यायच्या जिनसांत सुशी आहे. शिगा प्रांतात बिवा सरोवराकाठी फुनाझुशी नावाने हा जुना प्रकार आजही होतो, आणि त्याचा दर्प पहिल्यांदा खाणाऱ्याची परीक्षा बघतो. पुढे मुरोमाची काळात लोक पुरतं आंबायची वाट न बघता भातासकट खाऊ लागले. एदो काळात तेवढाही धीर राहिला नाही. आंबवण्याऐवजी भातात थेट व्हिनेगर घालायची युक्ती रुळली.

व्हिनेगर स्वस्त झालं तेही टाकाऊ मालातून. नागोयाजवळच्या हांदा गावी नाकानो माताझाएमोन हा साकेचा कारखानदार होता. साके गाळल्यावर उरणाऱ्या चोथ्यापासून व्हिनेगर करायचा उद्योग त्याने १८०४ साली काढला. तांबूस रंगाचं, अंगचीच गोडी असलेलं हे व्हिनेगर जहाजांतून एदोला जाऊ लागलं. मिझकान ही जपानची मोठी व्हिनेगर कंपनी त्याच कारखान्याची वंशज आहे.

राहिला ताव. नोरी हे समुद्री शेवाळ जपानी लोक फार पूर्वीपासून खात आले होते, पण ते ओलं, लगद्यासारखं. एदोच्या उपसागरात, शिनागावा-ओमोरीच्या उथळ किनाऱ्यावर, कोळी शरदात झाडांच्या फांद्या चिखलात रोवून ठेवत. थंडी वाढली की त्यांच्यावर शेवाळ धरायचं. ते खुडायचं, धुवायचं, बारीक चिरायचं, गोड्या पाण्यात कालवायचं, चटईवर ठेवलेल्या लाकडी चौकटीत ओतायचं आणि उन्हात वाळवायचं. हातकागद करायची रीत हुबेहूब हीच. असाकुसा भागात तेव्हा रद्दीपासून कागद बनत असे आणि तिथला शेवाळाचा तावही ‘असाकुसा नोरी’ म्हणून नावाजला. कागदवाल्यांकडूनच ही कल्पना उचलली असावी, हा तर्क त्यामुळे पटण्यासारखा आहे.

ताव आला आणि वळणं सुरू झालं. १७७६ सालच्या एका पाककृतींच्या पुस्तकात कृती दिली आहे ती अशी: बांबूच्या चटईवर असाकुसा नोरी, फुगु माशाची कातडी किंवा चक्क कागद पसरावा, त्यावर भात, भातावर मासा, आणि एका बाजूने घट्ट गुंडाळत जावं. फुगु म्हणजे जिवावर बेतणारा विषारी मासा. त्याची कातडी आणि साधा कागद एका पंगतीत बसवलेले पाहून नवल वाटतं. वेष्टन कोणतं हे अजून ठरायचं होतं, एवढं मात्र त्यावरून कळतं. १८०२ च्या ‘मेइहान बुरुइ’ या भाताच्या पदार्थांवरच्या पुस्तकात निकाल लागलेला दिसतो. तिथे नोरीच आहे, आणि आत तांबडा मासा, शिंपल्याचं मांस यांच्याबरोबर शिताके अळंबी आणि सुगंधी पाला.

कान्प्योचं बियाणं कुठून आलं, हेही ठाऊक आहे. १७१२ साली तोरिइ तादातेरू या सरदाराची बदली ओमि प्रांतातल्या मिनाकुचीहून पूर्वेकडे मिबुला झाली. त्याने तिथे या भोपळ्याचं बी आणवलं. आज जपानचा जवळजवळ सगळा कान्प्यो ज्या तोचिगी जिल्ह्यात होतो, त्यातच मिबु येतं. चित्रकार हिरोशिगेने तोकाइदो रस्त्यावरच्या मुक्कामांची चित्रमालिका केली, तिच्यातल्या मिनाकुचीच्या चित्रात बायका भोपळ्याच्या लांबच लांब पट्ट्या सोलून दोरीवर वाळत घालताना दिसतात. मराठी वाचकाला या भोपळ्याची ओळख करून द्यायला नको. वनस्पतिशास्त्राच्या हिशेबात तो आपल्या दुधीच्याच जातीचा, फक्त आकाराने गोल. दुधी नावडता म्हणून नाक मुरडणाऱ्यांनी एदोच्या सर्वांत लाडक्या गुंडाळीत तोच होता, हे लक्षात ठेवावं.

हाताने दाबलेली निगिरी सुशी दुकानदाराच्या कसबावर अवलंबून असते. गुंडाळीचं तसं नाही. एक चटई आणि थोडा सराव एवढं पुरतं. म्हणून ती घरात शिरली आणि घरचीच झाली. शाळेच्या सहली, क्रीडादिन, गावचे उत्सव या दिवशी जपानी आया पहाटे उठून जाड गुंडाळ्या, फुतोमाकी, वळत आल्या आहेत. तोक्योशेजारच्या चिबा भागात तर कापल्यावर फूल किंवा फुलपाखरू दिसावं अशा नक्षीच्या गुंडाळ्या गावच्या बायका करतात. आतली सामग्री तीच: अंडं, गाजर, पालक, कान्प्यो, रंगवलेला भात.

दुसऱ्या महायुद्धानंतर तांदळावर कडक नियंत्रण आलं. १९४७ च्या हुकमाने खाणावळी बंद पडल्या. तोक्योच्या सुशीवाल्यांनी तोड काढली ती अशी: आम्ही अन्न विकत नाही, तुम्ही आणलेल्या तांदळाची घडणावळ तेवढी घेतो. गिऱ्हाइकाने एक गो, म्हणजे साधारण दीडशे ग्रॅम, तांदूळ आणायचा आणि त्याच्या दहा सुशी घेऊन जायच्या. मासळीही टंचाईचीच होती, मग मिळेल ते वापरायचं. सुशीचा धंदा तगला तो गिऱ्हाइकाच्या पिशवीतल्या तांदळावर.

त्याच सुमारास नोरी मात्र दगा देत होती. शेवाळ थंडीत वाढतं आणि उन्हाळ्यात नाहीसं होतं. मधल्या काळात ते कुठे जातं हे कोणालाच माहीत नव्हतं. कोळी याला नशिबाचं पीक म्हणत, आणि युद्धानंतरच्या वर्षांत ते नशीब फिरलं. उत्तर मिळालं इंग्लंडात. मँचेस्टर विद्यापीठातल्या कॅथलीन ड्रू-बेकर यांची नोकरी लग्नानंतर गेली होती, कारण विवाहित स्त्रियांना विद्यापीठ पगारी पदावर ठेवत नसे. त्यांनी बिनपगारी संशोधन चालू ठेवलं. ब्रिटिश किनाऱ्यावरच्या नोरीच्या भावंडाचे बीजकण शिंपल्यांच्या कवचात शिरून गुलाबी तंतूंच्या रूपात वाढतात, असं त्यांना आढळलं. ते तंतू तोपर्यंत वेगळीच वनस्पती समजले जात. म्हणजे उन्हाळ्यात शेवाळ नाहीसं होत नव्हतं, शिंपल्यात मुक्काम करत होतं. १९४९ साली ‘नेचर’मध्ये हा लेख आला. क्यूशू विद्यापीठाच्या सेगावा सोकिची यांच्यापर्यंत तो पोचला, कुमामोतोत ओता फुसाओ यांनी शिंपल्यांवर बीज धरायची पद्धत बसवली आणि नोरीची खरीखुरी शेती सुरू झाली. ड्रू-बेकर १९५७ मध्ये वारल्या. जपान त्यांनी कधी पाहिलं नाही. उतो गावच्या सुमियोशी देवळाजवळ १९६३ मध्ये कोळ्यांनी वर्गणी काढून त्यांचं स्मारक उभारलं आणि दर १४ एप्रिलला तिथे त्यांची आठवण जागवली जाते. आज घरात दहा तावांचं पाकीट आणता येतं, ते या बाईंच्या बिनपगारी कामामुळे. सुशीच्या पुस्तकांत एवढ्याशा जागेत त्यांना उरकलं जातं, हे खटकतं.

पुढे गुंडाळी समुद्रापार गेली आणि तिथेही अडचणीतून वाट काढत गेली. १९६० च्या दशकात लॉस एंजेलिसच्या ‘तोक्यो काइकान’ हॉटेलात माशिता इचिरो यांनी टूनाच्या चरबीदार मांसाऐवजी ॲव्होकाडो वापरला, खेकड्याची जोड दिली आणि कॅलिफोर्निया रोल जन्मला, असं बहुतेक जण सांगतात. व्हँकूव्हरचे तोजो हिदेकाझू हेही त्याचं श्रेय सांगतात. काळा ताव अमेरिकन गिऱ्हाइकांना रुचेना, म्हणून भात बाहेर आणि नोरी आत, अशी उलटी गुंडाळी झाली.

त्या रोलमधला खेकडाही बहुतेक वेळा खेकडा नसतो. इशिकावा जिल्ह्यातल्या नानाओच्या सुगियो कंपनीने १९७२ मध्ये कृत्रिम जेलीफिश बनवायच्या खटाटोपातून खेकड्याच्या चवीचा पदार्थ काढला. त्याचा आधार सुरिमी, म्हणजे धुऊन, पाणी काढून वाटलेलं पांढऱ्या माशाचं मांस. या धाग्याचं एक टोक थेट कोकणात येतं. आपल्या किनाऱ्यावरच्या राणी माशापासून उत्तम सुरिमी होते, आणि रत्नागिरीची गद्रे मरीन ही कंपनी ती परदेशी पाठवते. भारतातल्या दुकानांत मिळणाऱ्या क्रॅब स्टिकही ती बनवते. स्वस्तात सुशी करू पाहणाऱ्या मराठी घराला या कांड्या पूर्ण शिजलेल्या मिळतात, हा मोठाच फायदा. बाजारातला कच्चा मासा घरी सुशीसाठी वापरू नये. त्यातले परजीवी मारायला लागते तशी खोल थंडी घरच्या फ्रीजमध्ये नसते. आणि काकडी, अंडं, कान्प्यो यांच्या परंपरेत कच्च्या माशावाचून काही अडत नाही.

आज गुंडाळीतली महाग वस्तू ठरतो तो ताव. जपानच्या आरिआके समुद्रात सूक्ष्म वनस्पतींनी पोषकद्रव्यं ओढून घेतली की नोरीचा रंगच उडतो; शिवाय समुद्र गरम होत असल्याने नोरी धरायची जाळी पाण्यात उतरवायला उशीर होतो. २०२२-२३ च्या हंगामात जपानचं उत्पादन सुमारे पन्नास वर्षांत पहिल्यांदाच ५०० कोटी तावांच्या खाली गेलं आणि भाव कडाडले. म्हणून घरच्या हिशेबात ताव जपून वापरायचा.

पूर्ण ताव १९ बाय २१ सेंटिमीटरचा असतो. लांब बाजू अर्धी करून तो कापला की दोन बारीक गुंडाळ्या होतात. तीनशे ग्रॅम तांदळाचा भात चार तावांना, म्हणजे आठ गुंडाळ्यांना पुरतो. जपानी तांदूळ नसला तर इंद्रायणी घ्यावा. तो चिकट शिजतो आणि गार झाल्यावरही दाणा दाण्याला धरून राहतो. बासमती इथे कामाचा नाही, त्याचा गुणच मोकळं राहण्याचा. चार मोठे चमचे तांदळाचं व्हिनेगर, दोन मोठे चमचे साखर, एक लहान चमचा मीठ हे कोमट करून विरघळवायचं आणि गरम भातावर शिंपडून उलथन्याने कापल्यासारखं मिसळायचं. घोटायचं नाही. बाजारचं साधं पांढरं व्हिनेगर नाकात जातं. तेच घ्यायचं झालं तर मात्रा कमी करावी.

ताव मऊ पडला असेल तर गॅसच्या ज्योतीवरून दोनदा झरझर फिरवावा. काळसर जांभळा रंग हिरवा होतो आणि कुरकुरीतपणा परत येतो. अर्धा ताव चटईवर खरखरीत बाजू वर ठेवून त्यावर ऐंशी ग्रॅम भात ओल्या बोटांनी पसरायचा, पलीकडे बोटभर पट्टी मोकळी सोडायची. भाताचा थर इतकाच की खालचा ताव मधूनमधून दिसावा. मधोमध बिया काढलेल्या काकडीची एक कांडी. अळूवडीचे उंडे वळणाऱ्या हाताला पुढचं शिकवावं लागत नाही, फक्त इथे एकाच वेढ्यात काम संपवायचं: अलीकडची भाताची कड उचलून पलीकडच्या भाताच्या कडेवर टेकवायची, चटईवरून दाबायचं, मग मोकळी पट्टी आपोआप चिकटते.

सुरी दर कापाला ओल्या फडक्याने पुसावी. काकडीची किंवा टूनाची गुंडाळी सहा तुकड्यांत कापतात. कान्प्योची मात्र एदोच्या रिवाजाप्रमाणे चारच तुकड्यांत कापायची.